लवंग जरा जास्त

"आजी, हीच ना दालचिनी?"

मुंगीने डबी थेट नाकाखाली धरली तेव्हा आजी ओव्हनपाशी वाकल्या होत्या. वाचनालयाच्या मागच्या खोलीतला हा गॅसचा ओव्हन जुना होता. बटण फिरवायचं, खालचं छोटं दार उघडायचं आणि आत काडी धरायची, तेव्हा कुठे तो पेटायचा. आजींनी बटण फिरवलं होतं, काड्यापेटी हातात घेतली होती.

"सांग ना! डबीवरची चिठ्ठी निघून गेलीय. वास घेऊन सांग."

 त्या सरळ झाल्या. काड्यापेटी फळीवर ठेवून त्यांनी डबी दोन्ही हातांत घेतली, मुलांसमोर नेहमी मिटायच्या तसे डोळे मिटले आणि खोल श्वास घेतला.

काही नाही. खिडकीच्या काचेला नाक लावावं, तसं.

"वा! दालचिनी म्हणजे दालचिनी," आजी म्हणाल्या. "ओत सगळी."

मुंगीने लगेच ओतली नाही. तिने स्वतःचं नाक डबीत घातलं, आजींकडे पाहिलं, पुन्हा डबीकडे पाहिलं. तेवढ्यात टेबलाच्या पलीकडून आरडाओरडा झाला. तोफ नावाच्या मुलाने साचे दोन्ही डोळ्यांना लावले होते आणि आपण चष्मेवाले ग्रंथपाल आहोत असं जाहीर करून तो जुळ्या बहिणींना दंड ठोठावत होता. आजी लगबगीने तिकडे वळल्या. मुंगीने डबी परातीत उपडी केली.

वर्ष संपत आलं, सुट्ट्या तोंडावर आल्या, की आजी या खोलीत मुलांकडून सुगंधी लटकनं करून घेत. सफरचंदाचा शिजवलेला गर आणि दालचिनीची पूड एकत्र मळायची, चवीपुरती म्हणावी इतकीच लवंग घालायची, गोळा लाटायचा, साच्याने चांदण्या, पानं, पक्षी कापायचे, दोरीसाठी भोक पाडायचं आणि मंद आचेवर वाळवायचं. खायचं नाही, हे दर वर्षी सांगावं लागे आणि दर वर्षी कोणीतरी खाऊन बघत असे. आसपासच्या गल्ल्यांतल्या निम्म्या खिडक्यांत आजींच्या हाताखाली झालेलं काहीतरी टांगलेलं असायचं. म्हणून त्या दालचिनीआजी. खरं नाव पोस्टमनला ठाऊक असेल तेवढंच.

त्याआधीचं सगळं आयुष्य बालवर्गात गेलं होतं. बुटाची नाडी कशी बांधायची, कात्रीत बोटं कशी घालायची, शिंकताना तोंड कुठे फिरवायचं, हे शिकवण्यात. आणि ते काम त्यांनी डोळ्यांइतकंच नाकाने केलं. ताप येणार असलेल्या मुलाच्या श्वासाला निराळा वास येतो, तो त्यांना ताप चढायच्या आधी यायचा. कोणाची चड्डी ओली आहे, कोण सकाळी उपाशी आलंय, कोणाच्या घरी रात्री भांडण होऊन आंघोळ राहून गेली आहे, हे मूल जवळ येऊन उभं राहिलं की कळायचं. "बाईंच्या नाकाखालून काही जात नाही," असं शिपाई म्हणायचा आणि आजींना ते मनातून आवडायचं.

आता जात होतं. सगळंच जात होतं.

पहिल्यांदा दूध करपलं तेव्हा त्या पुढच्या खोलीत पेपर वाचत होत्या. मुलगी जिन्यातूनच ओरडत आली, "आई! अगं घरभर धूर झालाय!" आजी म्हणाल्या, डोळा लागला होता. दुसऱ्यांदाही तेच म्हणाल्या. मुलगी पातेलं घासता घासता म्हणाली, "हे बघ, आता बास झालं. तू आमच्याकडे राहायला ये. आणि ते मुलांचं प्रकरणही बंद कर. आपल्या घरात ठीक आहे गं, दुसऱ्यांच्या मुलांचं काही झालं तर कोण निस्तरणार?"

ती गेल्यावर आजींनी साबणाची वडी हुंगली. कॉफीचा डबा हुंगला. बूटपॉलिश, कांदा, देवाच्या दयेने शिल्लक राहिलेला एक जुना अत्तराचा फाया. जिभेला गोड कळत होतं, खारट कळत होतं. बाकी जग धुऊन वाळत घातल्यासारखं कोरं झालं होतं.

मोठ्या भावाचं असंच सुरू झालं होतं. आधी वास गेला. तेव्हा सगळ्यांनी त्याची चेष्टा केली होती, तुझं बरं आहे, आता मोजे धुवायला नकोत. मग त्याचं अक्षर लहान होत गेलं, इतकं की शेवटी वाण्याला वाचता येईना. मग हात थरथरू लागले, शर्टाची बटणं लागेनात. आणि एका दुपारी त्याने आजींकडे बघून अगदी अदबीने विचारलं होतं, "आपण कोण?"

पहिल्यांदा दूध करपल्यापासून आजी रोज सकाळी कपबशी हातात धरून थोडा वेळ नुसत्या उभ्या राहत. बशी वाजते का ते ऐकत. अजून वाजत नव्हती. पण कोणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं की खोली जाणार, मुलं जाणार, आणि मग आजारपणाची वाट बघत खुर्चीत बसायचं. निदान या सुट्ट्या तरी जाऊ देत, असं त्यांनी स्वतःशी ठरवलं होतं.

"आजी, हे माझ्या हाताला चिकटतंय!" जुळ्यांपैकी एक.

"चिकटणारच. अजून मळ. मनगटाने दाब, बोटांनी नाही. अशी. हात तुझा, पण जोर खांद्याचा."

टेबलाखालून एक छोटा हात वर आला. तो लिंबूचा. लिंबू सगळ्यांत लहान, त्याला टेबलावर काम करणं मंजूर नव्हतं. आजींनी त्या हातात पिठाचा गोळा ठेवला आणि हात परत खाली गेला.

पूर्वी आजी सांगायच्या, माप वाटीत नसतं, नाकात असतं. नाक 'हां' म्हणालं की पीठ झालं. आज त्या सहज विचारल्यासारखं म्हणाल्या, "चला, तुम्हीच सांगा. कसा येतोय वास?"

तोफेने परातीवर ओणवा होऊन हुंगलं. "दाताच्या डॉक्टरसारखा!"

"ए हो! खरंच!" जुळ्या एकदम म्हणाल्या. "दाढेत औषध भरतात ना, तस्सा!"

आजींच्या हातातलं लाटणं थांबलं. लवंग. डबीत लवंग होती. चमचाभर घालायची ती डबीभर गेली होती आणि आपण डोळे मिटून 'वा' म्हणालो होतो.

"अरे, या वर्षी लवंग जरा जास्त," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीसारखा निघाला याचं त्यांना नवल वाटलं. "मुद्दामच घातली. दर वर्षी तेच ते काय!"

"मुद्दाम?" मुंगीने विचारलं.

"हो गं. दुसरी डबी आण, त्यात दालचिनी आहे. तीही घालू."

मुंगी नऊ वर्षांची. सतत काहीतरी उचलून इकडून तिकडे नेत असायची, म्हणून मुंगी. तिने दुसरी डबी आणली, पण या वेळी आजींच्या नाकाखाली धरली नाही. काही न बोलता स्वतःच ओतली.

बाहेर थंडी होती म्हणून खिडक्या लावलेल्या होत्या. काचांवर धुकं जमलं होतं आणि मुलांनी त्यावर बोटांनी चेहरे काढले होते. लाटणं या हातातून त्या हातात गेलं. चांदण्या झाल्या, पानं झाली. तोफेने पक्षी कापला आणि पंख तुटल्यावर तो मासा आहे असं सांगितलं. आजींचा जीव जरा भांड्यात पडत होता. निभावलं, त्यांना वाटलं. आजचा दिवस निभावला.

"शी! कोण पादलं?" जुळ्यांपैकी एकीने नाक धरलं.

"तोफ! तोफच!"

"मी नाही! मी पादलो असतो तर आवाज आला असता!"

यावर इतका हशा उसळला की आजीही हसल्या. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. कितीतरी दिवसांनी.

"पुरे आता," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "लवंगेचाच वास तो."

"लवंगेचा वास सडक्या अंड्यासारखा येतो?"

"ओली झाली की येतो."

हे त्यांनी कुठून काढलं, त्यांनाच कळलं नाही. एक लपवायला दुसरं, दुसरं लपवायला तिसरं.

"मलापण येतोय, आजी," मुंगी हळूच म्हणाली. "मघापासून. अंड्यासारखाच."

"नाही गं. मला नाही ना येत. मग कुठून येणार?"

मुंगीने बाहीने नाक पुसलं, जणू दोष तिथेच होता. मग खाली मान घालून ती चांदणीला भोक पाडू लागली.

"माझं डोकं दुखतंय," एक जुळी म्हणाली. कोणी लक्ष दिलं नाही.

उजेड कमी होत चालला होता. "दिवा लावू का?" तोफेने विचारलं.

"थांब, आधी ताटं आत जाऊ देत. पिठाच्या हाताने भिंती खराब करशील."

आजींनी पहिलं ताट उचललं आणि ओव्हनचं दार उघडून आत हात घालून पाहिला. ओव्हन थंडगार होता.

"अरेच्चा. विझला की काय?"

आपण काडी लावली होती ना? त्यांना आठवेना. बटण फिरवलं होतं, काड्यापेटी हातात होती, मग मुंगी आली होती. मग? त्या 'मग'च्या जागी काहीच नव्हतं. भावाचा चेहरा डोळ्यांसमोर आला, अदबीने विचारणारा. आजींनी ताट खाली ठेवलं. विसरणंही सुरू झालं तर! घाईघाईने त्यांनी फळी चाचपली, काड्यापेटी सापडली. त्या गुडघ्यांवर बसल्या, खालचं छोटं दार उघडलं आणि पेटीतून एक काडी काढली.

मनगटावर एक चिकट हात पडला.

"आजी." मुंगी अगदी कानाशी बोलत होती, इतरांना ऐकू जाऊ नये म्हणून. "रागावू नकोस हं."

"काय गं, बोल पटकन."

"ती डबी लवंगेची होती. मला तेव्हाच वास आला होता. पण तू दालचिनी म्हणालीस, म्हणून मला वाटलं माझंच नाक चुकतंय." तिने ओव्हनकडे बोट दाखवलं. तिचा श्वास भराभर चालला होता. "आत्तापण येतोय वास. इथे सगळ्यात जास्त येतोय. तुला येत नाहीये. मग आत्तापण माझंच चुकतंय का?"

काडी पेटीच्या कडेला टेकलेली होती.

आजींनी मान वळवून गॅसच्या बटणाकडे पाहिलं. ते फिरवलेलं होतं. मघापासून ते तसंच होतं. मुलं हसत होती, लाटत होती, वास येतोय म्हणून सांगत होती, आणि तेवढा सगळा वेळ ते तसंच होतं.

 त्यांनी काडी पेटीत परत घातली. ती आत जाईना. दोनदा कडेला आपटली, मग गेली. त्यांनी बटण बंद केलं.

"नाही, बाळा," त्या म्हणाल्या. "तुझं नाही चुकत."

मग त्या उभ्या राहिल्या आणि त्यांच्या तोंडून बालवर्गातल्या बाईंचा आवाज निघाला, न घाबरलेला, न चढलेला.

"मुलांनो, हातातलं आहे तिथे ठेवा. मुंग्यांची रांग. पुढच्याच्या खांद्यावर हात. बाहेर अंगणात. आत्ता."

"मी दिवा लावतो, दिसत नाहीये," असं म्हणत तोफेने भिंतीकडे हात नेला.

"हात खाली!"

असा आवाज त्या खोलीने कधी ऐकला नव्हता. तोफेचा हात हवेतच थिजला आणि मग खाली आला. एकाही मुलाने का म्हणून विचारलं नाही. रांग दारातून बाहेर पडली.

अंगणात थंडी बोचत होती. आजींनी एकेका डोक्याला हात लावत मोजलं. पुन्हा मोजलं.

लिंबू नव्हता.

"मुंगी, कोणालाही आत येऊ द्यायचं नाही. तोफ, ग्रंथपालकाकांना हाक मार. मारता येईल तेवढ्या मोठ्याने. गॅस म्हण."

तोफ ओरडला. आजी आत शिरल्या.

खोली नेहमीसारखीच होती. हेच सगळ्यांत भयंकर होतं. टेबल, परात, काचेवरचे चेहरे. हवा स्वच्छ वाटत होती, धुतल्यासारखी. या स्वच्छ हवेत मुलं मरू शकत होती आणि आपल्याला ती शेवटपर्यंत स्वच्छच वाटली असती. आजींनी ओठ घट्ट मिटले, खिडकीची कडी काढून ती सताड उघडली आणि टेबलाखाली वाकल्या.

लिंबू गुडघ्यावर गाल टेकून बसला होता. डोळे अर्धे मिटलेले. मुठीत पिठाची वळकटी.

"गोगलगाय झाली नाही अजून," तो पेंगत म्हणाला.

"बाहेर करू, राजा. बाहेर गार हवेत छान होते."

त्यांनी त्याला ओढून कडेवर घेतलं. कंबरेत कळ आली. दारापर्यंतचं अंतर त्यांनी श्वास न घेता पार केलं. अंगणात येऊन लिंबूला गार वारा लागला, तो खोकला आणि मोठ्याने रडू लागला. ते रडणं आजींना फार गोड वाटलं. त्यांनी त्याला खाली ठेवलं नाही.

ग्रंथपाल धावत आला. "बापरे! जिन्यापर्यंत वास येतोय!" तोंडावर रुमाल धरून तो आत गेला, सिलिंडर बंद केला, उरलेल्या खिडक्या उघडल्या आणि घाम पुसत परत आला. चाळिशीचा, सावध माणूस. 

"काकू, वाचलो. बरं झालं तुमचं नाक तिखट आहे. दुसरं कोणी असतं तर..." त्याने मागे वळून खोलीकडे पाहिलं. "वेळेवर ओळखलंत तुम्ही."

मुलं आजींकडे बघत होती. मुंगी मात्र स्वतःच्या बुटांकडे बघत होती.

नुसतं 'हो' म्हणायचं होतं. किंवा तेही नाही, गप्प बसायचं होतं. खोली राहिली असती, मुलं राहिली असती. लिंबू त्यांच्या खांद्यावर हुंदके देत होता आणि त्याच्या केसांना कुठला वास येत असेल, हे त्यांना माहीत नव्हतं.

"मी नाही ओळखलं," आजी म्हणाल्या. "गॅस मीच सुरू ठेवला. मला वास येत नाही. बरेच दिवस झाले. मी कोणाला सांगितलं नाही."

ग्रंथपालाने मुलांवरून नजर फिरवली.

"हिने ओळखलं. मुंगीने. आधी डबीही तिनेच ओळखली होती. दोन्ही वेळा तिचं नाक बरोबर होतं आणि मी तिला चूक ठरवलं."

मुंगीने मान वर केली. "डबीचंपण बरोबर होतं?"

"डबीचंपण."

"ओल्या लवंगेचा वास अंड्यासारखा येत नाही?"

"अजिबात नाही. ती थाप होती. पुन्हा तुझ्या नाकाला कोणी खोटं म्हटलं, अगदी मोठ्या माणसाने म्हटलं, तरी ओरडून सांगायचं. कानात नाही सांगायचं. कळलं?"

मुंगीने मान हलवली आणि मग तिला रडू फुटलं.

"म्हणजे मी पादलो नव्हतो," तोफ सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. कोणी हसलं नाही. मग एक जुळी हसली.

ग्रंथपालाने आजींसाठी खुर्ची आणली. "काकू, मला हे वर कळवावं लागेल," तो खालच्या आवाजात म्हणाला. "आणि तुमच्या मुलीला..."

"कळव. मुलीला मीच सांगते."

ओव्हन दुसऱ्याच दिवशी काढून नेला आणि खोलीला कुलूप लागलं. लटकनं मुलांनी आपापल्या घरी खिडकीच्या कठड्यावर वाळवली. असं वाळायला बरेच दिवस लागतात आणि रोज एकदा उलटावी लागतात. हे आजींनी प्रत्येकाला सांगून ठेवलं होतं. सुट्ट्या लागायच्या आदल्या दिवशी मुंगी आजींच्या दारात आली. तिच्या हातात दोरीला बांधलेली एक वाकडी गोगलगाय होती.

"लिंबूने दिलीय. उलटायचं काम मी केलं."

"कशी झालीय?"

मुंगीने गोगलगाय नाकाशी धरली आणि नीट विचार केला. "लवंग जरा जास्त आहे. पण दालचिनी नंतर येते. मागून."

काही दिवसांनी आजी दवाखान्याच्या बाकावर बसल्या होत्या, शेजारी त्यांची मुलगी होती. तिने येताना पूर्ण रस्ताभर आईचा हात धरला होता, रागावणं मात्र अजून संपलं नव्हतं. आत गेल्यावर डॉक्टर काय करायला सांगतील, हे आजींना ठाऊक होतं. भावाबरोबर त्या पूर्वी आल्या होत्या. हात पुढे करा म्हणतील. एक ओळ लिहा म्हणतील. आजींनी दोन्ही हात मांडीवर उपडे ठेवले होते आणि त्यांच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं.

पलीकडे बसलेल्या बाईने इकडेतिकडे पाहिलं, मग आजींकडे झुकून विचारलं, "किती छान वास येतोय हो! तुमच्याकडूनच येतोय ना?"

आजींनी पिशवीतून गोगलगाय काढली.

"दालचिनी आहे," त्या म्हणाल्या. "लवंग जरा जास्त पडलीय, असं आमची मुंगी म्हणते."

बाईने हुंगून पाहिलं. "हो, जरा आहे खरी. पण मागून दालचिनी येते."

आतून आजींचं नाव पुकारलं गेलं. त्या उठल्या. गोगलगाय पिशवीत ठेवायची राहून गेली. खडबडीत पाठीवर अंगठा फिरवत, ती तशीच मुठीत धरून त्या आत गेल्या.